गुडघ्यातली ‘गॅप’, मणक्यातली चकती आणि मोबाइलवर आलेला रिपोर्ट

हल्ली एक्स-रे नाहीतर एमआरआय काढून माणूस घरी पोचायच्या आत रिपोर्टची पीडीएफ मोबाइलवर येऊन पडते. डॉक्टरांची वेळ मिळालेली असते परवाची. मधल्या दोन दिवसांत तो रिपोर्ट मुलीकडे, मेहुण्याकडे, सोसायटीतल्या मेडिकलवाल्या काकांकडे फिरून येतो. ‘जॉइंट स्पेस रिड्यूस्ड’, ‘ऑस्टिओफाइट्स’, ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’ या शब्दांचा जो तो आपापल्या परीने अर्थ लावतो आणि डॉक्टरांची गाठ पडण्याआधीच घरात निकाल लागलेला असतो: वंगण संपलं, गॅप गेली, मणका सरकला. आता जिना बंद, मांडी घालून बसणं बंद, पर्वती टेकडीचं तर नावच नको.

रिपोर्ट खोटा नसतो. पण तो हाडा-सांध्यांच्या ठेवणीबद्दल सांगतो, दुखण्याबद्दल नाही. ठेवण आणि दुखणं यांची गाठ काही आजारांत घट्ट असते, काहींत सैल, आणि एका आजारात तर काहीच दुखत नसताना फक्त तपासणीच खरं काय ते सांगते. कुठे कोणता प्रकार आहे एवढं कळलं तरी बरीच भीती आणि बराच खर्च टळतो.

प्रश्न घरोघरचा आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी सुरू झाली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसं तपासली गेली आणि सुमारे १८ टक्के लोकांना काही ना काही तक्रार होती. त्यातल्या बहुतेकांना सांधे वाकडे करणारा संधिवात नव्हता. झीज, स्नायूंचं दुखणं, पाठ-मान हेच जास्त होतं. या लेखात मुख्यतः त्याच रोजच्या दुखण्यांबद्दल.

वंगण खरंच संपतं का?

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर टेकतात. दोघांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचं गुळगुळीत, पांढुरकं आवरण असतं, ती कूर्चा. मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. हे सगळं एका पिशवीत बंद असतं आणि पिशवीच्या अस्तरातून चिकट द्रव पाझरत असतो. लोक ज्याला वंगण म्हणतात ते हेच. निरोगी गुडघ्यात ते चहाचा चमचाभरही नसतं.

आणि झिजून सुजलेल्या गुडघ्यात हा द्रव कमी होत नाही, उलट वाढतो. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ म्हणतात ते हेच वाढलेलं पाणी. त्यामुळे एकाच गुडघ्याबद्दल एका दुकानात ‘वंगण संपलंय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पाणी झालंय’ असं ऐकायला मिळतं, आणि पहिल्या वाक्यावर बरीच पावडर विकली जाते.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण या द्रवातूनच होतं. पाय टेकला की दाब पडून तिच्यातला द्रव बाहेर जातो, पाय उचलला की ताजा द्रव आत येतो. म्हणजे चालणं हीच तिची जेवणाची वेळ. पाय बरेच आठवडे हलवलाच नाही तर कूर्चा पातळ व्हायला लागते. ‘वापर कमी केला की टिकेल’ हा हिशोब गाडीच्या टायरला लागू पडत असेल, जिवंत सांध्याला पडत नाही.

एक्स-रेमधली ‘गॅप’ म्हणजे काय?

एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी नसते. तिथे कूर्चा आणि गाद्या असतात. फट अरुंद दिसली तर कूर्चा पातळ झाली असावी असा अंदाज करतात. कडेला हाडाची छोटी टोकं वाढलेली दिसतात, ती ऑस्टिओफाइट. यावरून ० ते ४ अशी प्रत ठरवतात. ही पद्धत १९५७ची आहे आणि आजही ‘ग्रेड थ्री’, ‘ग्रेड फोर’ म्हणतात ते तिच्याच आधारे.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून, पायावर वजन टाकून काढलेला हवा. झोपवून काढला तर फट फसवी रुंद दिसते. काढण्याआधी ‘उभ्याने ना?’ एवढं विचारायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. कूर्चेला जसं रक्त नाही तशा वेदनेच्या नसाही नाहीत. दुखतं ते पिशवीचं अस्तर, कूर्चेखालचं हाड, भोवतालचे बंध आणि दमलेले स्नायू. म्हणून ‘ग्रेड थ्री’ असलेल्या बाई रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाऊन येतात आणि ‘ग्रेड वन’वाल्यांना जिन्याच्या कठड्याशिवाय चालत नाही, असं दिसतं तेव्हा त्यात चमत्कार काही नसतो. मेनिस्कस फाटल्याचं एमआरआयमध्ये दिसणंही तसंच. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मेनिस्कस फाटलेल्या मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांपैकी ६१ टक्क्यांना मागच्या महिन्यात गुडघा दुखलाच नव्हता.

गुडघ्यातल्या कटकट आवाजाचंही थोडक्यात: आवाजासोबत दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल, तर आवाजाकडे लक्ष देऊ नका.

‘झिजलेला गुडघा चालवला तर आणखी झिजेल ना?’

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. पण गुडघ्यावर येणारा भार फक्त हाडावर पडत नाही. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू पाऊल टेकताना धक्का झेलतो. दुखतं म्हणून चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांडी बारीक होते, मांडी बारीक झाली की धक्का सरळ सांध्यावर येतो, मग आणखी दुखतं. हे चक्र मांडीच्या बाजूने तोडता येतं, कूर्चेच्या बाजूने नाही. झिजलेली कूर्चा परत उगवणारं औषध आज बाजारात नाही. जाहिरात काहीही म्हणो.

दुसरा भाग वजनाचा. अंगावरचं एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस किलो. जाड माणसाने बारीक व्हावं असा हा उपदेश नाही, पण गुडघ्याच्या कोणत्याही गोळीपेक्षा हा हिशोब मोठा आहे.

काय करायचं, किती आणि कुठे चुकतं

दर एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. साधन म्हणून जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि स्वयंपाकाचा ओटा पुरतो. प्लास्टिकची हलकी खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवूनच ठेवा.

गुडघा फारच दुखत असेल तर सुरुवात पलंगावर. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, पाच-सहा सेकंद धरायची, सोडायची. दहा वेळा. पण यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळू नका. पुष्कळ लोक वर्षभर हेच करत राहतात आणि ‘व्यायामाने काही फरक नाही’ म्हणतात. स्नायूला जड पडल्याशिवाय तो वाढत नाही.

खरा व्यायाम खुर्चीतून उठ-बस. हात छातीवर, पावलं खांद्याइतकी रुंद, गुडघे बोटांच्या दिशेने. उठायचं, आणि बसताना तीन सेकंद लावून सावकाश बसायचं. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. आठ ते दहा वेळा, मग दोन मिनिटं थांबून परत, असं दोन ते तीनदा. उठताच येत नसेल तर खुर्चीवर चादरीची घडी टाकून बैठक उंच करा आणि दर आठवड्याला एक घडी काढत जा. सोपं झालं की पुस्तकांनी भरलेली पिशवी छातीशी धरून करा. ओट्याला धरून टाचा उचलणं, बारा-पंधरा वेळा. ओट्याला धरूनच पाय बाजूला उचलणं, कंबर न झुकवता, दोन्हीकडे दहा-दहा. खुब्याचा स्नायू त्याने सुधारतो आणि चालताना गुडघा आत पडत नाही.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीवर आलं, तर ठीक. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर व्यायाम बंद करायचा नाही, संख्या निम्मी करायची. सहा आठवड्यांच्या आत निकाल मागू नका. बारा आठवडे द्या. बहुतेक जण दहाव्या दिवशी सोडून देतात.

‘मी रोज चालतो, मग हे कशाला?’ चालण्याने दम वाढतो, साखर आटोक्यात राहते, ते चालू ठेवाच. पण सपाटीवर चालून मांडीला ताकद येत नाही. वय झालेल्या आणि आखडलेल्या माणसांना खुर्ची, पट्टा, दोरी यांचा आधार घेऊन आसनं करता येतात हे पुण्याला वेगळं सांगायला नको, बी. के. एस. अय्यंगारांनी ती पद्धत याच शहरात घडवली. योग करणाऱ्यांनी तो सोडायची गरज नाही, फक्त वज्रासनासारखी पूर्ण घडी दुखऱ्या दिवसांत टाळा.

जिना, पर्वती आणि खाली बसणं

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागतो, पण गुडघा बोलतो उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीराचं वजन रोखून धरतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. म्हणून चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या उलट हातात. टीव्ही मालिकांत ती नेमकी चुकीच्या हातात असते. टेकडी सोडायची नसेल तर चढ-उताराऐवजी माथ्यावरच्या सपाटीवर फिरा.

मांडी घालून बसल्याने गुडघा झिजतो असं सरसकट म्हणता येत नाही. जमत असेल त्याने बसावं. दुखरा गुडघा असेल तर त्रास बसण्याचा कमी आणि जमिनीवरून उठण्याचा जास्त असतो, म्हणून पाटाऐवजी उंच चौरंग हा मधला मार्ग. भारतीय पद्धतीचा संडास मात्र दुखऱ्या दिवसांत टाळलेला बरा, किंवा भिंतीत पकडायला दांडी बसवून घ्या.

तेल, जेल, गोळी, सुई

मालिशने बरं वाटतं. कातडी गरम होते, स्नायू सैल होतात, आणि कोणीतरी काळजीने पाय चोळतंय याचाही गुण असतोच. तेल कूर्चेपर्यंत मात्र पोचत नाही.

गुडघ्यासाठी वेदनाशामक जेल ही पहिली पायरी. डायक्लोफिनॅकचं जेल डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावलं तर अनेकांना पुरतं. त्याच औषधाची गोळी पोटातून जाते, तेव्हा जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्याची किंमत मोजावी लागते. बीपीची गोळी चालू असलेल्या आजोबांनी मेडिकलमधून आपल्या मनाने महिनाभर डायक्लोफिनॅकची गोळी घेणं धोक्याचं आहे. कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनवर पैसे घालवू नका, असं ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही आहे. वंगणाचं म्हणून मिळणारं हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शनही त्या सूचनांनी यादीतून काढलं आहे.

रक्तातल्या पेशींचं पीआरपी इंजेक्शन सध्या फार चालतं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत २८८ जणांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना साधं मिठाचं पाणी टोचलं. वर्षाने दोन्ही गटांच्या दुखण्यात आणि कूर्चेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सूज उतरून काही आठवडे खरा आराम मिळतो. लग्नकार्य तोंडावर असेल किंवा व्यायाम सुरूच करता येत नसेल तर ते उपयोगी आहे. दर महिन्याला घ्यायची ती गोष्ट नव्हे.

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याचंही असंच झालं. अमेरिकेत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००२मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची खरी साफसफाई केली, काहींना नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोघांच्या दुखण्यात फरक दिसला नाही. झिजेसाठी दुर्बीण सुचवली गेली तर दुसरं मत घ्याच.

पाठीचा एमआरआय: चकती सरकते का?

दोन मणक्यांमध्ये चकती असते. ती पुरणपोळीसारखी समजा: बाहेर चिवट पारी, आत मऊ पुरण. कधी पारी न चिरता कडेने बाहेर फुगते. रिपोर्टमध्ये तो ‘बल्ज’. पारी चिरून पुरण बाहेर डोकावलं तर ‘प्रोट्रूजन’ किंवा ‘एक्स्ट्रूजन’. चकती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, ती जागची सरकत नाही. त्यामुळे ती ‘बसवून’ देणाऱ्याकडे जाण्यात अर्थ नाही.

ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५मध्ये एकत्र केला गेला. विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज होता, ऐंशीच्या आसपास ८४ टक्क्यांत. चकतीची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६ टक्के. थोडक्यात, पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टवर ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ (झिजेचे बदल) लिहिलेलं असणं ही बातमी नाही.

नस दबणं हा वेगळा प्रकार. त्यात कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जाते, शिंकलं-खोकलं की झटका बसतो, मुंग्या एका ठराविक पट्ट्यात येतात. या तक्रारी आणि एमआरआयमधली बाजू-पातळी जुळली तरच त्या चित्राला किंमत. डाव्या पायाला मुंग्या आणि बल्ज उजवीकडे, तर तो बल्ज आरोपी नाही. तरीही दबलेल्या नसेची बहुतेक दुखणी सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतात. बाहेर आलेलं पुरण शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा तुकडा बाहेर पडलेला असेल तर ते घडण्याची शक्यता जास्त.

मग झोपून राहायचं नाही?

उसण भरल्यावर एखाद-दोन दिवस आडवं व्हावंसं वाटतं, व्हा. पण १९८६मध्ये दोन दिवस विश्रांती आणि सात दिवस विश्रांती यांची तुलना झाली तेव्हा दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि त्यांचे कामाचे खाडे मात्र ४५ टक्के कमी पडले. नंतर फिनलंडमधल्या पाहणीत जमेल तसं रोजचं काम चालू ठेवणाऱ्यांची सुधारणा सगळ्यात चांगली होती. पलंगावरच्या दोन आठवड्यांत पाठीचे स्नायू उतरतात आणि मग उठणंच अवघड होतं.

कंबरेचा पट्टा दुचाकीवर, लांबच्या एसटी प्रवासात काही तास ठीक. दिवसभर, महिनोनमहिने नको. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत आठ-नऊ तास बसणाऱ्यांना महागड्या खुर्चीपेक्षा दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटं चालण्याने जास्त फायदा होतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन मान खाली घालण्यापेक्षा तो डब्यांवर उंच ठेवून वेगळा कीबोर्ड लावा. खर्च पाच-सातशे रुपये.

एक्स-रे स्वच्छ, हात मात्र वर जात नाही

फ्रोझन शोल्डर म्हणजे खांदा आखडणं. साधारण चाळीस ते साठ वयात, आणि मधुमेह असणाऱ्यांत कितीतरी जास्त. सांध्याची पिशवी सुजून आकसते. ब्लाउजचा हूक, मागच्या खिशातलं पाकीट, रिक्षातून मागे हात करून पिशवी घेणं, सगळं अडतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रे मात्र ‘नॉर्मल’. इथे दुखणं खरं आणि चित्र मुकं.

घरी ओळखायची खूण: कोपर बरगडीला चिकटवा, नव्वद अंशात वाकवा आणि हात बाहेरच्या बाजूला उघडा. दुसऱ्या कोणी हळूच उघडायचा प्रयत्न केला तरी तो अडला, तर खांदा आखडलेला असण्याची शक्यता मोठी. आपला आपण अडतो पण दुसऱ्याने सहज उघडतो, तर बहुधा स्नायूच्या दोरीचा त्रास. पहिल्यांदाच आखडला असेल तर साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेह कधी कधी खांद्यातूनच पहिल्यांदा कळतो.

हे दुखणं एक ते तीन वर्षं चालू शकतं. सुरुवातीच्या दुखऱ्या महिन्यांत सांध्यात दिलेलं स्टेरॉइड चांगलं काम करतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, ती मोजत राहा. नंतर शेकून झाल्यावर ताण देणारे व्यायाम, दिवसातून तीन-चारदा, थोडे थोडे. कचकन ओढून हात ‘मोकळा’ करून देणाऱ्यांपासून लांब राहा, विशेषतः हाडं ठिसूळ असतील तर. त्यात हाड मोडल्याची उदाहरणं आहेत.

टाचेचं थोडक्यात सांगतो. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं, ते तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. एक्स-रेत दिसणारा काटा न दुखणाऱ्या कितीतरी टाचांत असतो, तो काढायचा नसतो. पोटरी ताणणं, आणि पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंदांत खाली, असं बारा वेळा, दिवसाआड. घरात फरशीवर अनवाणी चालणं काही महिने बंद.

इथे मात्र थांबू नका

पाठदुखीसोबत लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना: त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी: आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी मनात यायला हवा. तो औषधांनी बरा होतो, पण उपचार जवळपास वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात आणि उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात. एक सांधा अचानक लाल, गरम आणि सोबत ताप, तर पू असू शकतो; तिथे तास मोजतात, दिवस नव्हे.

दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासाहून जास्त वेळ मूठ वळत नाही, हे सहा आठवडे टिकलं तर ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा विचार करावा. इथे रक्ततपासणी मदतीची आहे, पण ‘आरए फॅक्टर’ काही निरोगी माणसांतही येतो आणि काही रुग्णांत येत नाही. या आजारात लवकर सुरू केलेलं औषध सांधे वाचवतं. मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट, आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. पाकिटावर पेनने वार लिहून ठेवा: ‘फक्त रविवार’.

चिकनगुनियानंतरचे सांधेही असेच दिसतात. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात त्याचे रुग्ण बरेच वाढले होते. ताप जातो, सांधे काही आठवडे, कधी काही महिने धरून राहतात. तीन महिन्यांच्या पुढे सूज राहिली तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

काहीच दुखत नाही, तरी तपासायचं

हाडं ठिसूळ होणं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. त्यात मोडेपर्यंत काही दुखत नाही. पाळी गेल्यानंतर, बरेच महिने स्टेरॉइड घेतलेल्यांना, साध्या पडण्याने मनगट मोडलेल्यांना, तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरच्या वर उंची कमी झालेल्यांना याची तपासणी हवी. ती हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनवर, कंबर आणि खुबा यांची. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपल्या घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर निदान पक्कं. सोसायटीच्या हॉलमध्ये होणाऱ्या मोफत शिबिरांत पाऊल ठेवून टाच तपासतात ते मशीन वेगळं. त्या चिठ्ठीवरून औषध सुरू करू नका. कमी आलं तर डेक्सा करून घ्या.

कॅल्शियमची गरज दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, पेलाभर दुधात त्याहून थोडं कमी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, बहुधा आठ आठवडे, हे डॉक्टर लिहून देतात. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंड बिघडवून घेणारे लोक दरवर्षी दाखल होतात.

गुडघा बदलायचा कधी

ग्रेड फोर दिसला म्हणून नाही. बारा आठवडे नीट व्यायाम, वजन, जेल करूनही रात्री झोपमोड होत असेल, घरातल्या घरात फिरणं अवघड झालं असेल, तेव्हा. ऑपरेशनमध्ये अख्खा सांधा काढत नाहीत. दोन्ही हाडांच्या टोकांचा काही मिलिमीटरचा थर कापून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि मध्ये चिवट प्लास्टिक. शंभरातले सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षं टिकतात. मात्र १० ते २० टक्के लोकांचं दुखणं पुरतं जात नाही, आणि हे आधी सांगणारा सर्जन निवडावा. आधी मांडी ताकदवान करून ऑपरेशनला गेलेला माणूस लवकर उभा राहतो, म्हणून वरचा उठ-बसचा व्यायाम त्यालाही चुकत नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम संचाची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरली होती. पॅकेज सांगितलं तर इम्प्लांटची किंमत, कंपनीचं नाव आणि मॉडेल वेगळं लिहून मागा. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत ना ते बघा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. पंधरा वर्षांनी दुसरं ऑपरेशन लागलं तर आत कोणता सांधा आहे हे सर्जनला त्यावरूनच कळतं.